दोन वर्षं, तीन देश आणि एक प्रबंध

प्रश्न विचारणारी मुलगी कोल्हापूरची आहे. इतिहासात बी.ए. झालंय, सध्या पुण्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. युरोपच्या इतिहासाचा दोन वर्षांचा असा मास्टर्स तिच्या पाहण्यात आलाय, ज्यात दर सेमिस्टरला देश बदलतो आणि शेवटी प्रबंध लिहायचा असतो. ती विचारते: दोन वर्षांत तीन देश म्हणजे अभ्यास होतो की नुसती भटकंती? इंग्रजीशिवाय एकही युरोपीय भाषा येत नाही, चालेल का? परत आल्यावर या पदवीचं करायचं काय? आणि हातातलं एम.ए. अर्धवट सोडू का?

मी स्वतः अशाच वाटेनं गेलेय. पहिलं सेमिस्टर व्हिएन्ना, दुसरं बुडापेस्ट, तिसरं लिस्बन, आणि प्रबंध लिहायला पुन्हा व्हिएन्ना. आता बरीच वर्षं इकडे युरोपातच शिकवते आणि दर हिवाळ्यात अशा अभ्यासक्रमांसाठी आलेल्या अर्जांचे गठ्ठे वाचते. त्यामुळे जे सांगते आहे ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

तुम्ही विचारलंय अभ्यास की भटकंती. माझ्या मते त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे. या तीन ठिकाणांना जोडणारा धागा कोण देणार? माहितीपत्रक वाचून वाटतं, विद्यापीठं देतील. देत नाहीत. प्रत्येक विद्यापीठ आपापलं शिकवतं आणि आदल्या सेमिस्टरला तुम्ही काय शिकलात याची त्यांना फारशी गंधवार्ता नसते. धागा तुमचा तुम्हाला न्यावा लागतो, आणि तो म्हणजे प्रबंधाचा प्रश्न. ज्यांच्याकडे तो पहिल्या दिवसापासून असतो, अगदी कच्चा का होईना, त्यांचा अभ्यास होतो. बाकीच्यांकडे दोन वर्षांनी छान फोटो असतात आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी विषय शोधायची धावपळ असते.

माझंच सांगते. माझा विषय होता १ नोव्हेंबर १७५५ चा लिस्बनचा भूकंप, आणि त्याची बातमी व्हिएन्नात कशी पोचली, कशी छापली गेली हा प्रश्न. तो सुचला अगदी साध्या कारणानं. व्हिएन्नात १७०३ मध्ये सुरू झालेलं एक वृत्तपत्र आहे आणि त्याचे जुने अंक ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं संकेतस्थळावर ठेवलेत. पहिल्या सेमिस्टरला एका सेमिनारसाठी १७५५ च्या डिसेंबरचे अंक चाळायला सांगितले होते. अक्षरं काळी, टोकदार, जुन्या जर्मन वळणाची. एस आणि एफ सारखेच दिसतात. एक पान लावायला मला पहिल्यांदा अख्खी दुपार लागली.

मग तिसऱ्या सेमिस्टरला लिस्बनला गेले आणि तिथलं राजपत्र काढलं. भूकंपानंतरचा पहिला अंक ६ नोव्हेंबरचा. शहर कोसळलंय, जळलंय, समुद्र आत आलाय, आणि अंकात त्यावर जेमतेम काही ओळी. महिन्याची पहिली तारीख शतकानुशतकं लक्षात राहील, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, पण सुदैवानं राजाच्या खजिन्याच्या आणि बऱ्याच खासगी लोकांच्या तिजोऱ्या ढिगाऱ्यात सापडल्या. संपलं. ज्या शहरावर संकट आलं तिथे चार ओळी, आणि मी व्हिएन्नाच्या अंकांतून रकानेच्या रकाने उतरवून आणलेले. हा फरक का, हाच माझा प्रबंध झाला. एका जागी बसून तो सुचला नसता. भटकंतीचा उपयोग झाला तो इथे.

लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, तोर्रे दो तोंबोमध्ये, १७५८ ची एक प्रश्नावली आहे. सरकारनं गावोगावच्या पाद्रींना पाठवलेली: गावात घरं किती, नदी कोणती, डोंगर कोणता, आणि पंचावन्नच्या भूकंपात काय पडलं, ते दुरुस्त झालं का. काही पाद्री दोन ओळींत सुटलेत, काहींनी पानंच्या पानं भरलीत. ‘तोर्रे’ म्हणजे बुरूज. दप्तर पूर्वी किल्ल्याच्या बुरुजात होतं, तो बुरूज त्याच भूकंपात पडला. कागद वाचले आणि नाव चिकटून राहिलं.

आता दुसरी गोष्ट, जी मला देश बदलल्याशिवाय कळली नसती. ‘युरोपचा इतिहास’ नावाची एकच एक वस्तू नाही. व्हिएन्नात १९१८ नंतरचा काळ शिकले तेव्हा सगळा भर उपाशी राजधानीवर होता: पाच कोटींच्या साम्राज्यासाठी बांधलेलं शहर, आणि त्याच्याभोवती उरलेला पासष्ट लाखांचा देश. पुढच्या सेमिस्टरला बुडापेस्टला गेले. तिथे गाड्यांच्या मागच्या काचेवर एक आकृती चिकटवलेली दिसायची. मला वाटलं कुठल्यातरी कंपनीचं चिन्ह असेल. तो १९२० च्या आधीच्या हंगेरीचा नकाशा होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या, ४ जून १९२० च्या ट्रियानोंच्या तहात त्या राज्याचा दोन तृतीयांशाहून जास्त प्रदेश गेला, आणि ते दुःख अजून गाडीच्या काचेवर आहे. माझ्या वर्गात रुमानियाची एक मुलगी होती. तिच्या देशाचा राष्ट्रीय दिन १ डिसेंबर, कारण १९१८ च्या त्या दिवशी ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियात आल्याचं जाहीर झालं. ती ज्या शहराला क्लुज म्हणायची, त्यालाच शेजारी बसलेला हंगेरियन मुलगा कोलोझ्वार म्हणायचा. दोघांची छान मैत्री होती, पण त्या शहराचं नाव निघालं की प्राध्यापक घड्याळाकडे बघायचे.

हे समजायला मराठी माणसाला जड जाऊ नये. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आपल्याकडे पराक्रमाच्या प्रकरणात येतात. तिकडे ‘बर्गी’, म्हणजे आपला बारगीर, पोरांना झोपवताना भीती घालायचा शब्द आहे. ट्रियानोंवरच्या चर्चेत मी हे उदाहरण दिलं तेव्हा वर्गात पहिल्यांदा माझ्याकडे ‘ही भारतातून आलेली’ म्हणून न बघता ‘हिला मुद्दा कळला’ म्हणून बघितलं गेलं. आपल्याकडचं असं जे आहे ते बरोबर न्या.

भाषेचं आता स्पष्ट बोलते. वर्ग इंग्रजीत असतात, प्रवेशालाही इंग्रजी पुरतं, त्यामुळे ‘चालेल’ हे खरं. पण साधनं इंग्रजीत नसतात. फक्त इंग्रजीवर गेलात तर प्रबंधही इंग्रजीत छापलेल्या पुस्तकांवरच होईल, आणि तो पुण्यात बसूनही लिहिता आला असता. तीन देशांच्या तीन भाषा शिकायचा हट्ट नको. मी हंगेरियन शिकायला गेले आणि भाजीबाजारापुरती शिकून परत आले. एक भाषा निवडा, ती प्रबंधाच्या प्रश्नावरून निवडा, आणि आत्तापासून सुरू करा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मनला मॅक्समुल्लर भवन, फ्रेंचला आलियाँस. पण तिथली पहिली एक-दोन प्रमाणपत्रं म्हणजे स्टेशनवर तिकीट काढण्याइतकी भाषा. त्यासोबत रोज वीस ओळी शब्दकोश घेऊन वाचायची सवय लावा. बोलता नाही आलं तरी हरकत नाही. वाचता आलं पाहिजे.

आणि तुम्हाला मोडी येत असेल तर ते अर्जात ठळक लिहा. नसेल येत तर शिका, पुण्यात वर्ग निघतात. तुम्ही म्हणाल, युरोपच्या इतिहासाला मोडीचा काय उपयोग? जर्मन हस्तलिखितं ज्या वळणात आहेत ते कुरेंट आज साध्या जर्मन माणसालाही वाचता येत नाही. १९४१ मध्ये शाळांमधून ते वळण गेलं. आमच्या वर्गात जर्मन आणि ऑस्ट्रियन मुलं त्या कागदापुढे हात टेकून बसलेली, आणि मी मोडीत केलेलं तेच करत होते: आधी नेहमी येणारे शब्द हेरायचे, तारीख आणि मायना पकडायचा, मग त्यातल्या अक्षरांवरून बाकीचं उलगडायचं. निवड समितीत बसल्यावर ‘जुनी लिपी वाचता येते’ हे वाक्य मला दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त सांगतं.

अर्जावरून आठवलं. भारतातून, विशेषतः महाराष्ट्रातून येणाऱ्या कितीतरी अर्जांची सुरुवात ‘लहानपणापासून मला इतिहासाची आवड आहे, गडकिल्ले फिरताना...’ अशी असते. गडकिल्ले मलाही प्रिय आहेत. पण चाळिसाव्या अर्जात तेच वाक्य आलं की डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर जातात. पहिल्या परिच्छेदात एक प्रश्न लिहा, त्याची कोणती दोन साधनं कुठे आहेत ते लिहा, आणि म्हणून याच शहरांतून जायचंय असं लिहा. विषय भारताशी जोडलेलाच हवा, असं मुळीच नाही. समितीतले काहीजण तुमच्याकडून वसाहतीचा इतिहासच अपेक्षित धरतील, धरू द्या. मात्र गोव्याचं किंवा वेंगुर्ल्याच्या डच वखारीचं काही करायचं असेल तर ती तुमची जमेची बाजू आहे. गोव्याचे पोर्तुगीज पत्रव्यवहाराचे खंड, मोंसोंइश, काही लिस्बनला आहेत आणि बाकीचे पणजीला. डच कंपनीचं दप्तर हेगला आहे. दोन्हींत मराठ्यांविषयी भरपूर आहे, आणि त्या भाषांसोबत मराठीही वाचू शकणारे लोक बोटांवर मोजण्याइतके.

मार्ग निवडताना मी उलटीकडून सुरुवात करायला सांगते. शेवटचं सेमिस्टर कुठे घालवायचं ते आधी ठरवा. तिथे तुमच्या विषयाचे मार्गदर्शक हवेत, आणि पुढे राहायचं असेल तर देशही तोच हवा. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशाप्रमाणे पदवीनंतर काम शोधायला किमान ९ महिने मिळतात. जर्मनी १८ महिने देते. पण त्यासाठी पदवी तिथली आणि परवाना तिथला लागतो. मधल्या सेमिस्टरला कुठे होतात याला तेव्हा किंमत नसते.

पैशाचं बरंचसं परिस्थितीवर आहे, पण माझं मत पक्कं आहे: कर्ज काढून हा अभ्यासक्रम करू नका. इरॅस्मस मुंडसची, म्हणजे अशा संयुक्त अभ्यासक्रमांसाठी युरोपीय संघ देतो ती, शिष्यवृत्ती मिळाली तर फी भरावी लागत नाही आणि महिन्याला १४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने. विमानाचं तिकीट, व्हिसा, घराची अनामत सगळं त्यातूनच. साध्या राहणीला पुरतात. मात्र पहिला हप्ता तिथलं बँक खातं उघडल्याशिवाय हातात पडत नाही आणि घरमालक थांबत नाही, म्हणून दोन महिन्यांचे पैसे घेऊनच निघा. जर्मनीत अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत रक्कम कायद्यानं मागता येते. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर एकाच देशात मास्टर्स करायचा विचार करा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही (बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे). व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवायला लागतात, पण ते तुमचेच असतात. एका देशात राहून शेजारच्या देशाच्या अभिलेखागारात तीन आठवडे जाता येतंच.

कागदपत्रांवर वेगळं पुस्तक लिहिता येईल, इथे तीनच गोष्टी सांगते. एक, एका शेंगेन देशाच्या (म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकाच्या) परवान्यावर दुसऱ्या देशात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि सेमिस्टर त्याहून मोठं असतं. म्हणजे देश बदलला की पुन्हा नवा परवाना, किंवा विद्यार्थ्यांच्या स्थलांतराची वेगळी सूचना. माझ्या तीनपैकी एका विद्यापीठानं प्रवेशाचं पत्र इतकं उशिरा पाठवलं की माझे वर्ग सुरू झाले आणि मी दोन आठवडे जुन्या शहरात वर्गमैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपत होते, बॅगा बांधलेल्या तशाच. तेव्हापासून सगळ्यांना सांगते: पत्राची तारीख लेखी मागून घ्या आणि दर आठवड्याला आठवण करा, लाजू नका.

दोन, जन्मदाखला. आपल्याकडच्या कित्येक जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. ते आत्ताच नोंदवून घ्या. त्यावर अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरावा म्हणून आपलं सरकार लावतं ते प्रमाणन, बहुतेक देशांना चालतं, जर्मनी मात्र भारताचं अपोस्टिल मानत नाही. तीन, नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर वडिलांचं नाव तुमच्या नावाला चिकटलेलं. तिकडच्या कारकुनाला हे तीन वेगळे लोक वाटतात. लिस्बनला बँकेत मला पूर्ण चार महिने वडिलांच्या नावानं हाक मारत होते.

गुणांचंही सांगून ठेवते, कारण घरी फोनवर घोळ होतो. ऑस्ट्रियात १ सर्वांत चांगला आणि ५ म्हणजे नापास. हंगेरीत नेमकं उलट, ५ उत्तम आणि १ नापास. दोन्ही राजधान्यांत रेल्वेनं तीन तासांचंही अंतर नाही. व्हिएन्नात १ मिळाल्यावर मी बाबांना हे नीट समजावून सांगितलं. पुढच्या सेमिस्टरला बुडापेस्टहून ५ मिळाल्याचं कळवलं तर ते हळूच म्हणाले, ‘असू दे, परदेशात राहून अभ्यास करायचा म्हणजे व्हायचंच.’ पोर्तुगालमध्ये वीसपैकी गुण आणि सोळा म्हणजे कौतुकाचे. मूळ गुणपत्रिकेसोबत त्या त्या विद्यापीठाचा गुणपद्धतीचा तक्ता जपून ठेवा, परत आल्यावर लागतो.

परत येण्याबद्दल. भारतात कॉलेजात शिकवायचं असेल तर परदेशी पदवीची समकक्षता घ्यावी लागते. त्याचे यूजीसीचे नवे नियम २०२५ मध्ये आलेत. ज्या अभ्यासक्रमात दोन-तीन विद्यापीठं मिळून एक पदवी देतात तिथे हातात नेमका कोणता कागद पडणार हे प्रवेश घेण्याआधी विचारा. नुसत्या मास्टर्सवर नेट किंवा सेट द्यावीच लागेल, आणि नेटच्या इतिहासाच्या पेपरात बहुतेक सगळा भारताचाच इतिहास असतो. ट्रियानों तिथे कोणी विचारत नाही. म्हणजे तो अभ्यास वेगळा करायची तयारी हवी. माझ्याबरोबरच्यांपैकी काही पीएच.डी.ला गेले, काही संग्रहालयांत, अभिलेखागारांत, एकजण माहितीपट करणाऱ्यांसाठी संशोधन करतो, आणि दोघांचा इतिहासाशी आता काहीही संबंध नाही. हे प्रमाण कुठल्याही इतिहासाच्या वर्गात साधारण असंच असेल.

राहिलं एम.ए. सोडण्याचं. सोडू नका. युरोपात बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांच्या बी.ए.वर मास्टर्सला घेतात, त्यामुळे एम.ए. हवंच असं नाही. पण हिशोब बघा. असे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान भरले जातात आणि वर्ग पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात. आज ठरवलंत तरी ते वर्ष जाणारच, आणि तेवढ्यात तुमचं दुसरं वर्ष पूर्ण होतं. त्या वर्षात लघुप्रबंध असेल तर विषय असा घ्या की निदान एक तरी साधन पोर्तुगीज, फ्रेंच किंवा जर्मनमधलं असेल, चार पानांचं का असेना. ते स्वतः उतरवा, अडलेल्या जागा तशाच मोकळ्या सोडा, आणि अर्जासोबत लेखनाचा नमुना मागितला तर तोच पाठवा. निकाल लागल्याबरोबर परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करा, पदवीदानाची वाट बघू नका. आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन चांगले अर्ज फक्त त्या एका लिफाफ्यासाठी अडकतात.